मेंढीचा कान

मी गाव सोडलं त्या दिवशी आईनं मला आधी एसटी स्टँडवर नेलं नाही, मेंढवाड्यात नेलं. माझ्या एका हातात पत्र्याची ट्रंक होती, डोळे रडून सुजले होते, आणि बाई मला मेंढरं दाखवत होती. त्यातली एक काळ्या तोंडाची मेंढी तिनं पुढं ओढली. तिच्या डाव्या कानाला ताजी चीर होती, हळद लावलेली. "ही तुजी. कान नीट बगून ठेव," आई म्हणाली. मी एकोणीस वर्षांची होते. सोलापुरात मावशीकडं राहून शिवणकाम शिकायला निघाले होते. मला वाटलं, ह्या बाईला काळजी लेकीची कमी आणि मेंढीची जास्त.

तुम्ही जे सांगोल्याच्या बाजूला राहिलात त्यांना हे सांगायला नको, पण आमच्यातल्या ज्या बायका इकडं येऊन दहा-पंधरा वर्षं झाली, त्यांची पोरं आता मेंढी चित्रातच बघतात, म्हणून लिहिते. घरातलं माणूस दूर निघालं की त्याच्या नावानं एक मेंढी काढतात. तिची पिल्लं त्याची. ती सांभाळतो दुसराच कुणीतरी, अर्धेलीनं, म्हणजे दोन कोकरं झाली तर एक मालकाचं, एक राखणाऱ्याचं. कोकरू झालंच नाही तर राखणाऱ्याला काही नाही. दुष्काळ पडला म्हणून तो मूळ मेंढीवर हात टाकत नाही. आणि मेंढी मेली, लांडग्यानं फाडली, तर राखणाऱ्यानं तिचा चिरलेला, मालकाच्या खुणेचा कान कापून आणून दाखवायचा. कान दाखवला की विषय मिटला. नाही दाखवला तर तो चोर.

माझी मेंढी राखत होता माझा थोरला भाऊ, बिरूदादा. दिवाळीनंतर तो कळप घेऊन कोकणाकडं उतरतो, पावसाच्या आधी परत येतो. माझ्या वाट्याचं कोकरू मोठं झालं की तो ते सांगोल्याच्या बाजारात विकायचा आणि पैसे बँकेत टाकायचा. खातं आईच्या नावावर होतं, अंगठ्याचं. दादानंच ते उघडलं होतं. काउंटरवरच्या माणसानं "हे चांगलं खातं आहे" असं सांगितलं, आणि आमच्या घरात चांगलं म्हटलं की पुढं कुणी विचारत नाही.

सोलापुरात मी गणवेशाच्या कारखान्यात लागले. शाळेच्या निळ्या चड्ड्या, पांढरे सदरे, नगावर मजुरी. उन्हाळाभर मान वर करायला फुरसत नाही आणि शाळा सुरू झाल्या की मशिनीवर धूळ. लग्न इथंच झालं, आमचे हे टेम्पो चालवतात. सुरुवातीला मला ह्या शहराचा भयंकर राग होता. इथं पाणी चार दिवसांनी येतं, गल्लीत तेलुगू, भाजीवाल्याशी हिंदी, आणि माझं "कुटं" ऐकलं की मावशीची पोरं हसायची. आता मीच नव्या पोरींना हसते. मशीन माझ्या पायाखाली आलं आणि शहर हळूहळू माझं झालं, हे मी छातीठोक सांगते.

मधे एक फार वाईट वर्ष आलं. टँकरनं पाणी, चारा विकत. दादानं फोन केला, "शालन, तुज्या मेंढीचं पैसं काडू का? कळप मोडायची येळ आलीय." मी म्हटलं, काढ की, विचारतोस काय. त्यानं काढले, पण सगळे नाही. हजार रुपये खात्यात ठेवले. का, तर आमच्यात शेवटची मेंढी विकत नाहीत. एक तरी बी म्हणून ठेवायची, मग तिच्यावरून पुन्हा वाडा भरतो. दादानं खात्यातही एक मेंढी ठेवली होती. शहाणा माणूस असता तर सगळे काढून खातं बंद करून मोकळा झाला असता. आम्ही पडलो धनगर.

नंतर पाऊस झाला, मेंढी व्याली, दादा पुन्हा पैसे टाकू लागला. अडीच-तीन वर्षं गेली. मला कापडाच्या कडा शिवायचं स्वतःचं ओव्हरलॉक मशीन घ्यायचं होतं, जुनं का असेना. कारखाना बंद असला की घरी बसून चार पैसे मिळाले असते आणि ह्यांच्या टेम्पोच्या तोंडाकडं बघत बसावं लागलं नसतं. दादा म्हणाला, "अकरा हजार हायेत की तुजं, जास्तच असतील," आणि गावातल्या एकाबरोबर पासबुक पाठवून दिलं. मी सोलापूरच्या शाखेत गेले. छापायचं मशीन बंद होतं. काउंटरवरच्या पोरीनं आकडा तेवढा सांगितला. चार हजार तीनशे.

मी बाहेर येऊन पायरीवरूनच फोन लावला. ताकाला जाऊन भांडं लपवणारी मी नव्हे. "दादा, माझी मेंढी कुटं गेली?" असं एकदम विचारलं. त्याच्या पोरीचं नुकतंच लग्न झालेलं होतं, खर्च झाला होता, माझ्या डोक्यात गणित तयारच होतं. तेही मी बोलून दाखवलं. मग दादा म्हणाला, "ये तू. कान दाखवतो."

शनिवारी गेले. आईनं पाण्याचा तांब्या दिला आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "भावाला कान मागितलास व्हय ग?" खुंटीवरून दादानं लोकरीचा एक दोरा काढला. त्यात पावत्या ओवलेल्या होत्या. बाजारात कोकरू विकल्याची एक, त्याच्या मागं बँकेत भरल्याची शिक्क्याची एक, अशी जोडी जोडी. कोकणात पावसात भिजलेल्या, वाळवलेल्या, घडीवर फाटलेल्या. दादाला वाचता येत नाही म्हणून त्यानं प्रत्येक जोडीला एक गाठ मारली होती. मी बेरीज केली. हजारासकट अकरा हजार दोनशे. मला तिथल्या तिथं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोमवारी आम्ही तिघं सांगोल्याच्या शाखेत गेलो. मी सगळा उतारा मागितला. तो हातात आला तेव्हा कळलं की मेंढी कुणी खाल्ली. खात्यात ठरलेल्यापेक्षा कमी रक्कम म्हणून दर महिन्याला दंड, मेसेज पाठवल्याचे पैसे, आणि आईनं कधी हातात न धरलेल्या कार्डाचे पैसे. दादानं कोकराचे तीन हजार भरले की ते पहिले मागच्या दंडात जायचे. मेसेज जात होते दादाच्या जुन्या नंबरावर, जो बंद होऊन जमाना झाला होता, आणि तेही इंग्रजीत. गेले असते तरी आमच्या घरात ते वाचले असते कुणी?

मॅनेजर तरुण होते, उद्धट अजिबात नव्हते. खुर्ची दिली. म्हणाले, "मावशी, नियम आहे. किमान शिल्लक नव्हती. फॉर्मवर लिहिलेलं असतं." मी म्हटलं, साहेब, बँक चालवायला खर्च येतो हे मला समजतं. राखणारा फुकट राखत नाही. पण तुमचा दंड कशाचा आहे? आम्ही काही बुडवलं नाही, तुमच्याकडून काही घेतलं नाही. पैसे कमी होते, एवढाच आमचा गुन्हा. ज्याच्या खात्यात लाख पडलेत त्याला तुम्ही काही मागत नाही, आणि ज्याच्याकडं हजार आहेत त्याला 'हजारच का?' म्हणून कापता. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. तेव्हा दादा पहिल्यांदा बोलला, तोही हळू: "साहेब, मेंढी रोड झाली तर राखणारा तिला चारा घालतो. तिचं मांस कापून न्हाय खात. आन कापलंच, तर कान तरी दावतो."

मॅनेजर हसले नाहीत, ह्याचं मला बरं वाटलं. सूचना खातेदाराला पोचलीच नाही असं लिहून द्या, म्हणाले. मी तिथंच बसून मराठीत अर्ज लिहिला, दोन पानं, आईचा अंगठा घेतला. उत्तर आलं नाही तेव्हा वरच्या ऑफिसला लिहिला, मग आणखी वर. निम्म्याहून थोडे जास्त परत आले. बाकीचे नियमात बसतात म्हणे. नियमात बसतात, न्यायात बसत नाहीत, हे माझं मत आजही तेच आहे आणि मी ते कुणाच्याही तोंडावर सांगेन. ते खातं आम्ही बंद केलं, आईचं किमान शिल्लक न लागणारं खातं उघडलं. तसलं खातं पहिल्यापासून मिळत होतं तिथं, फक्त कुणी दाखवलं नव्हतं.

कारखान्यात आता जेवायच्या सुट्टीत माझ्याकडं पासबुकं येतात. माझ्या शेजारच्या मशिनीवर पद्माक्का असतात, तेलुगू घरातल्या, पण मराठीत माझ्यापेक्षा चांगल्या भांडतात. त्यांचा कर्जाचा हप्ता खात्यातून पाच तारखेला कापायचा आणि मजुरी सात तारखेला यायची. दर महिन्याला दोन दिवसांच्या फरकाचा दंड, आणि बाई समजत होत्या की आपलंच काहीतरी चुकतंय. आम्ही दोघी गेलो, तारीख बदलून घेतली. एवढंच करायचं होतं. आता पद्माक्का काउंटरवर जाऊन "कान चूपिंचंडी, कान दाखवा" म्हणतात आणि तिथल्या लोकांना काही कळत नाही.

पण तुम्हाला खरं सांगायचं ते हे नाही. त्या सोमवारी दादा मला स्टँडवर सोडायला आला. मी म्हटलं, दादा, माझं चुकलं. बँकेनं कापलेलं अर्धं तरी परत येईल, मी पायरीवरून बोलले ते कसं परत येणार? ह्या माणसानं कोकणातल्या चिखलात माझ्या पावत्या लोकरीत बांधून सांभाळल्या आणि मी शहरातून त्याच्यावर चोरीचा आळ घेतला. मी रडत होते. दादा एसटीची पाटी बघत म्हणाला, "इचारायचंच असतं ग राखणाऱ्याला. तू इचारलंस, मी दाखवलं. मिटलं की." आणि माझी पिशवी खिडकीतून आत टाकून सीट धरली.

मशीन घेतलं. चांगलं चालतं. लोकरीचा तो दोरा मी मागून आणलाय, मशिनीच्या वरच्या खिळ्याला टांगलाय. लोक विचारतात गाव कुठलं, घर कुठलं. घर मी इथं बांधलंय, दोन खोल्यांचं, त्याचा मला अभिमान आहे. पण "माझ्या वाट्याचं काय झालं" असं मी तोंड वर करून जिथं विचारू शकते, आणि विचारलं म्हणून मला जिथं कुणी परकं करत नाही, ते घर अजून तिकडंच आहे.

परवा आईचा फोन आला. त्या काळ्या तोंडाच्या मेंढीची पणती व्याली, दोन कोकरं झाली. एकाच्या कानाला माझी चीर द्यायची आहे. मी म्हटलं, दे की, दादा आहे ना. तर आई म्हणाली, "तो म्हणतोय, ती आल्याबिगर चिरत न्हाय. तिच्यासमोर हुं दे."

रविवारची पहिली एसटी सहाला आहे. हळद मी इकडूनच नेणार आहे.