कणगीतल्या किड्यांची सरासरी

माझे थोरले दीर मला कधीच आवडले नाहीत. ते मॅट्रिक झालेले, आणि ते घरात कुणाला विसरू देत नसत.

लढाईच्या आधीची गोष्ट. निपाणीच्या आमच्या जैन घरात धान्यातला किडा मारत नसत. दर पंधरवड्याच्या चौदसला खायचं धान्य पाखडायचं, किडे मडक्यात घ्यायचे आणि मूठभर दाण्यांवर सावलीत ठेवायचे. दिरांनी सावली निवडली ती बियाण्याच्या जोंधळ्याच्या कणगीमागं! किडे परत कणगीत.

मी दर चौदसला कणगीतलं मापटंभर बियाणं सुपात ओतून किडे मोजत होते. आधी पाच निघाले, मग दहा, वीस, चाळीस, ऐंशी. पेरणीला महिना उरला होता. सगळं बियाणं आताच पाखडून राख लावायला हवं होतं, पण दिरांना बायका तंबाखूच्या वखारीत हव्या होत्या.

मी दाराआडून दिरांना आकडे सांगितले. ते सासूबाईंकडं बघून बोलले, "आये, तिला सांग. चार पंधरवड्यांत पंच्याहत्तर वाढले. सरासरी एकोणीस. पेरणीपत्तोर सव्वाशेबी व्हायचे न्हाईत. घाई कशाला?"

"सरासरी बरोबर हाय," मी म्हटलं. "पण पहिल्या पंधरवड्यात पाचच वाढले, अन् सरत्या पंधरवड्यात चाळीस. पुढं ऐंशी वाढतील, मग एकशेसाठ. त्यांची पोरंबी पोरं घालत्यात, अण्णा."

"शाळंत चार बुकं वाचली की बायका दिराला हिशेब शिकवाय लागत्यात," ते सासूबाईंना म्हणाले.

"गप गं," सासूबाई मला म्हणाल्या. वखारीत गेलो आम्ही सगळ्या.

मृगात कणगी उघडली तेव्हा हाताला पीठ लागलं. दाणे पोकळ. असलं पेरून काय उगवणार? गावात ज्याचं बियाणं त्यालाच हवं होतं. शेवटी माझ्या माहेरी, कोगनोळीला, गाडी जुंपली. दीर स्वतः आले, यावंच लागलं.

माझ्या भावानं पोती काढून दिली. दिरांनी दाणे तळहातावर घेतले, उलटसुलट केले आणि पहिल्यांदाच थेट मला विचारलं, "किडकं न्हाय न्हवं गं?"

"सरासरी बरं हाय, अण्णा," मी म्हटलं.

दिरांनी दाणे पोत्यात परत टाकले आणि पोती गाडीत चढवली. निपाणीत उतरल्यावर कणगीमागचं मडकं मी त्यांच्यादेखत उचललं आणि ओढ्यापलीकडच्या बाभळीखाली नेऊन ठेवलं.