आई जाण्याआधीचा उन्हाळा

माझ्या प्रकाशकाने मला फसवलं. आमच्या आईवर लिहिलेल्या माझ्या कादंबरीत प्रत्येक प्रकरणावर स्थळकाळाची एक ओळ होती. ती त्याने मला न विचारता काढून टाकली. बाजारात आडत्यांशी भांडून वर आलेला मी माणूस. मुखपृष्ठासाठी, कागदासाठी घासाघीस केली. या ओळींवर कोणी हात टाकेल, हे मात्र डोक्यातच आलं नाही.

काल बहीण पुस्तक वाचत होती. तिचं बोट एका पानावर अडलं. मागच्या प्रकरणात आई गेली होती आणि इथे ती चुलीपुढे भाकरी थापत होती.

"दादा, हे स्वप्न आहे का रे?" तिने विचारलं.

माझ्या हस्तलिखितात तिथे उजव्या कडेला, बारीक तिरप्या अक्षरांत, मी लिहिलं होतं : ‘सांगली, आई जाण्याआधीचा उन्हाळा.’

फोन केला तर प्रकाशक हसला. "साहेब, पान कसं मोकळं दिसतं बघा! वाचकाला कळतं हो सगळं."

काय कळतं? लग्नाच्या पत्रिकेत आपण स्थळ आणि वेळ ठळक छापतो. दहाव्याच्या निरोपातही घाटाचं नाव विसरत नाही. गेलेलं माणूस कुठेतरी, कधीतरी जिवंत होतं, याचा तेवढाच पुरावा उरतो. ती ओळ काढली की आई कुठलीच राहत नाही. धुरात नुसती भाकरी थापत बसते.

बहिणीने ते पान अजून उलटलेलं नाही. ज्याने ती ओळ खोडली, त्याने इथे यावं, तिच्यासमोर बसावं आणि आमची आई कुठे आहे ते सांगावं.