शेवट जरा लांबला

आमच्या व्याह्यांनी एकच सिनेमा जितक्या माणसांना दाखवला, तितक्या माणसांना तो काढणाऱ्यानंही दाखवला नसेल. आणि मला जितक्या वेळा दाखवला, तितक्या वेळा तर कोणत्याच माणसानं दुसऱ्या माणसाला कोणताच सिनेमा दाखवू नये. नऊ वेळा. सिनेमा इंग्रजी, सव्वातीन तासांचा, ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या मुलखात घडणारा. एका हिरव्यागार, पावसाळी देशातली बाई बोटीनं तिथं येते, मेंढरं राखणाऱ्या एका उंच आणि अबोल माणसाच्या प्रेमात पडते, दुष्काळ येतो, आणि दोघं मिळून हजारो मेंढरं तांबड्या मातीतून आगगाडीच्या ठिकाणापर्यंत हाकत नेतात. ती माघारी जाणार की तिथंच राहणार, हे शेवटच्या वीस मिनिटांपर्यंत कळत नाही. पहिल्यांदा मलाही कळलं नव्हतं. पुढच्या आठ वेळा मात्र सगळं कळत होतं, अगदी कोणत्या टेकाडामागून कुत्रं येणार तेसुद्धा. नाही म्हणायची सोय नव्हती. माझी लेक त्यांच्या घरात दिलेली, आणि मुलीच्या बापानं व्याह्यांना सिनेमाला येत नाही असं सांगणं आमच्याकडे अजून सुरू झालेलं नाही.

व्याही मूळचे जत तालुक्यातले. सगळी नोकरी जनावरांच्या दवाखान्यात, तीही बहुतेक जतमध्येच झाली. निवृत्त होऊन सांगलीत राहायला आले, पण दवाखाना त्यांच्या अंगातून निवृत्त झाला नाही. कुणी घरी आलं की ते आधी पाठीवर थाप मारतात, आणि ती थाप बैलाच्या वशिंडामागे मारतात तशी असते, चहा सांडतो. माणूस आजारी आहे म्हटलं की पहिला प्रश्न, चारापाणी घेतो का. आमच्या लेकीला बघायला आले तेव्हा शिक्षण, नोकरी, पत्रिका काहीच विचारलं नाही. ती पोह्यांच्या बशा ठेवून आत गेली, तिच्याकडे बघून म्हणाले, "चाल चांगली हाय." माझी बायको आठवडाभर धुमसत होती. पण लग्न झालं, आणि पुढं पाच वर्षांपूर्वी जावई आणि लेक ऑस्ट्रेलियाला गेले तेव्हा विमानतळावर सगळ्यांत जास्त रडले ते हेच. जावई कुपवाडच्या एका वर्कशॉपमध्ये अवजड यंत्रं दुरुस्त करायचा. तिकडे आतल्या भागातल्या खाणीवर त्याच कामाची त्याला नोकरी लागली. करार पाच वर्षांचा, मग परत यायचं, असं जाताना ठरलं होतं.

गेल्या दिवाळीनंतर व्याह्यांनी एक छोटा प्रोजेक्टर आणला आणि हा सिनेमा कुठून तरी मिळवला. पोरं कुठल्या मुलखात राहतात ते सगळ्यांना कळायला हवं, असं त्यांनी मला सांगितलं. कारण वाजवी होतं, मी हो म्हणालो आणि अडकलो. दिवाणखान्याच्या भिंतीवर पांढरी चादर लागायची आणि व्याही प्रोजेक्टरशेजारी उभे राहून मराठीत सांगत जायचे. त्यांचं इंग्रजी औषधांच्या बाटल्यांवरचं, त्यामुळं संवाद ते स्वतःच्या मनाचे घालायचे. "ती म्हणती, मी न्हाई ऱ्हायची हितं. ह्यो म्हणतो, ऱ्हा की." पडद्यावर तो माणूस पाच मिनिटं बोलत असला तरी यांच्याकडे तेवढंच. नायक-नायिका फार जवळ आले की ते भिंगापुढं तळवा धरायचे. चादरीवर अंधार व्हायचा, नुसतं संगीत ऐकू यायचं, आणि आम्ही पाहुणे मंडळी जमिनीकडे बघत बसायचो.

सिनेमा संपला तरी सुटका नव्हती. व्याही दारात, चपलांच्या पुढ्यात उभे राहायचे, आणि कसा वाटला ते सांगितल्याशिवाय चप्पल मिळायची नाही. त्यासाठी त्यांनी दवाखान्याची एक कोरी उरलेली नोंदवही काढली होती. तिच्यात जनावराच्या मालकाचं नाव, लक्षणं, उपचार आणि शेरा असे रकाने छापलेले. प्रेक्षकाचं नाव मालकाच्या रकान्यात जायचं आणि प्रतिक्रिया लक्षणांच्या. 'दोन्ही डोळ्यांतून पाणी.' 'सुस्ती, मान एका बाजूला.' 'मध्यंतरानंतर बेचैन.' माझ्या बायकोसमोर लिहिलं होतं, 'तोंडानं चांगला म्हणते, पण खरं वाटत नाही.' ते वाचून ती पुन्हा आठवडाभर धुमसली.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना त्यांनी असंच बसवून घेतलं. त्या बायकांनी दुष्काळ पाहिला, प्रेम पाहिलं, मेंढरं पाहिली, आणि एकमुखानं विचारलं की नायिकेचे ते पांढरे कपडे तिकडं कोण धुतं. शेजारच्या जैन व्यापाऱ्यांचं कुटुंब आलं तेव्हा सूर्यास्ताआधी त्यांची जेवणं व्हायला हवीत म्हणून ऐन मोक्याला सिनेमा थांबवला. ते जेवून येईपर्यंत नायक पाऊण तास एक पाय घोड्याच्या रिकिबीत अडकवून उभा होता. त्यांच्या आजींनी शेवटी फक्त एवढंच विचारलं, की आगगाडीत भरलेली ती मेंढरं पुढं कुठं जातात. व्याही गडबडले. जन्मभर या धंद्याजवळ राहिलेला माणूस, पण म्हणाले, "लोकरीला जात्यात, आज्जी." आजींचं समाधान झालं. व्याह्यांना मात्र ते खोटं पुढं चारपाच दिवस टोचत होतं, आणि आता जाऊन खरं सांगू का म्हणून त्यांनी मला दोनदा फोन केला.

जावयाच्या जुन्या वर्कशॉपमध्ये साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी खेळ झाला. तिथले फिटर अख्खा सिनेमा त्यातल्या पाणी ओढणाऱ्या पवनचक्कीकडे बघत होते. तिला ग्रीस नाही, म्हणून ती कुरकुरते, दुष्काळ वगैरे नंतरचं, असं त्यांचं ठरलं. शिराळ्याला व्याह्यांच्या बहिणीकडं नागपंचमीला घर भरलं होतं. त्या मुलखात विषारी साप पुष्कळ, एवढं व्याही उत्साहात बोलून गेले. साठ माणसं तीन तास सापाची वाट बघत बसली. साप आला, अर्धा मिनिट राहिला, गेला. लोकांनी तो चार वेळा मागं घेऊन बघितला आणि बाकीचा सिनेमा सापाला कशाला जोडलाय असं विचारलं. मी तेव्हा भिंतीला टेकून डोळे मिटले होते. सापाची जात कोणती, यावर माझ्या आजूबाजूला वाद चालला होता.

या प्रत्येक खेळाला मी होतो, आणि प्रत्येक खेळानंतर सगळे गेल्यावर व्याही माझ्याकडे वळायचे. माझ्या नावापुढचा रकाना ते शेवटी भरायचे. "आन तुमाला, पाव्हणं? शेवट कसा वाटला?" शेवटी ती बाई राहते. तिकडं तिच्या देशात तिचा म्हातारा बाप बंदरावर उभा असतो. बोटीतून सगळे उतरतात, ती उतरत नाही. म्हातारा टोपी डोक्यावर ठेवतो आणि चालत घरी जातो. ते चालणं फार वेळ दाखवलंय. मी थकलेला असायचो, मला घरी जायचं असायचं. मी म्हणायचो, "जरा लांबला." व्याही हं म्हणायचे, काही न लिहिता वही मिटायचे आणि पुढच्या खेपेला नीट बघा असं सांगायचे.

गणपती उठल्यावर लेकीचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर ती म्हणाली, आम्ही इथंच राहायचं ठरवलंय. नातीला तिथली शाळा मानवली आहे, लेकीलाही तिथल्या दवाखान्यात कायमची नोकरी मिळाली आहे. मी बरं म्हणालो. दुसरं काय म्हणणार. मग तिनं खरं काम सांगितलं. सासऱ्यांना, म्हणजे आबांना, अजून माहीत नाही, नवऱ्याला त्यांच्याशी बोलायचा धीर होत नाही, तेव्हा बाबा, तुम्हीच त्यांना सांगा. "आबांचं मन हळवं आहे, तुम्ही हळूहळू सांगाल." हे तिनं नवऱ्याला न विचारताच मला सांगितलं होतं. फोन ठेवल्यावर माझ्या स्वतःच्या वाट्याचं दुःख करायला मला वेळच मिळाला नाही. डोक्यात एकच, व्याह्यांना कसं सांगायचं. तीन आठवडे मी ते घेऊन फिरलो. बायकोलाही बोललो नाही. दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो, तर ते चादर धुवायला टाकत होते.

मग जतच्या खेळाचं ठरलं. त्यांच्या गावातल्या धनगर मंडळींनी बोलावलं होतं. व्याही गाडी चालवणार, मी शेजारी, दोन-अडीच तासांचा रस्ता. वाटेत सांगून टाकू असं मी ठरवलं. तीन वेळा सुरुवात केली. एकदा टँकर आडवा आला, एकदा मेंढरं आडवी आली आणि ती बघायला ते उतरले, आणि तिसऱ्यांदा मीच हवापाण्यावर गेलो.

शाळेच्या खोलीच्या खिडक्यांना घोंगडी लावून भर दुपारी अंधार केला होता. असा प्रेक्षक त्या सिनेमाला पूर्वी मिळाला नव्हता आणि पुन्हा मिळणार नाही. व्याह्यांना एक शब्द बोलावा लागला नाही. गाभण मेंढ्या उन्हाच्या अशा हाकायच्या नसतात म्हणून लोक नायकावर चिडले. कुत्र्याचं फार कौतुक झालं. प्रेमाच्या वेळी तळवा आडवा आला तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, हात काढा डॉक्टर, मेंढरं दिसंनात. मी मात्र या खेपेला शेवटाची वाट बघत होतो, आणि तो येऊ नये असंही वाटत होतं. बंदर आलं. बोट आली. म्हातारा टोपी घालून चालायला लागला आणि खोलीत कुणी हललं नाही.

व्याही वही घेऊन दारात उभे राहिले. एक म्हातारी पुढं आली, चप्पल पायात सरकवत थांबली आणि तिनं विचारलं, "त्या म्हाताऱ्याला आता कोण हाय?" इतक्या लोकांत त्या म्हाताऱ्याची चौकशी करणारी ती पहिलीच. व्याह्यांनी लिहिलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली.

खोली रिकामी झाल्यावर ते घोंगडी उतरवत होते. मी जवळ गेलो आणि जे तोंडात आलं ते बोललो. "पाव्हणं, पोरं परत यायची नाहीत."

त्यांनी घोंगडीची घडी पुरी केली. "ठाव हाय मला," ते म्हणाले. "पोरानं दिवाळीतच सांगितलं. बायकूला न सांगता. तुमाला सांगायचं काम माज्यावर टाकलं. म्हनला, त्यांचं मन हळवं हाय, हळूहळू सांगा."

मी बाकावर बसलो. ते बाक तिसरी-चौथीच्या मुलांचं होतं, गुडघे हनुवटीपाशी आले. मी विचारलं, दिवाळीपासून एकदाही का बोलला नाहीत.

"जमंना. म्हनलं, पिक्चर बघून तुमाला आपसूक उमगंल. तर तुमी दर खेपेला आपलं, लांबला. मी म्हनायचो, अजून उमगलं न्हाई. परत दाखवू."

साठ माणसांना सापाची वाट बघायला लावणारा, आजींशी खोटं बोलून अस्वस्थ होणारा, भिंगापुढं तळवा धरणारा हा माणूस वर्षभर हळदीकुंकू, वर्कशॉप, नागपंचमी असं करत माझ्या एकट्यासाठी खेळ लावत होता. बाकी सगळे बिचारे विनाकारण बसले होते. ते माझ्या शेजारी त्या छोट्या बाकावर बसले. बसताना त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. या वेळी थाप नव्हती.

भाकरी खाऊन आम्ही निघालो. कवठे महांकाळच्या अलीकडं एका टपरीवर चहाला थांबलो. चहा झाला, पण उठावंसं वाटेना. घरी दोन्हीकडच्या बायका होत्या आणि आता त्यांना सांगायचं होतं. आणखी दोन चहा सांगितले. समोर नुकती पेरलेली ज्वारीची रानं. व्याही तिकडं बघत म्हणाले, "पाव्हणं, पोरं ऱ्हात्यात तितं पाऊस कवा लागतो हो?"

मला सांगता येईना. एकतीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला. ऑस्ट्रेलियाचा नकाशा मी फळ्यावर न बघता काढत असे, पावसाच्या प्रदेशांना रंगीत खडू वापरत असे. पण लेक पाच वर्षं जिथं राहते तिच्या दारात पाऊस कधी पडतो, हे मी तिला विचारलं नव्हतं. जेवलीस का, झोपलीस का, कधी येणार, एवढंच विचारत आलो होतो. मी फोन लावला. तिकडं रात्र झाली होती. अवेळी फोन बघून ती घाबरली, कुणाला काय झालं विचारू लागली. मी सांगितलं, कुणाला काही झालं नाही, आबा शेजारी आहेत, सगळं बोलणं झालंय, आणि तुमच्याकडं पाऊस कधी लागतो ते आम्हाला विचारायचं आहे.

ती सांगायला लागली. पावसाचा काही नेम नसतो, म्हणाली. कधी दोन वर्षं येत नाही. गावाबाहेर नदी आहे, पण नुसती वाळू. मागच्या उन्हाळ्यात लांब कुठंतरी वर पाऊस झाला आणि नदीला पाणी येतंय अशी बातमी आली, तेव्हा अख्खं गाव घरातल्या खुर्च्या घेऊन काठावर जाऊन बसलं. लेक-जावई दोघंही गेले, नातीला मांडीवर घेऊन. आधी नुसता फेस आला, काटक्या आल्या, मग हळूहळू पाणी. आवाज न करता आलं, बाबा, म्हणाली. सगळे उठून उभे राहिले. नात पाण्याच्या पुढं पुढं पळत होती.

मी फोन दोघांच्या मध्ये बाकड्यावर ठेवला होता. व्याही कानामागं हात धरून वाकून ऐकत होते. ट्रक गेला की त्यांना ऐकू यायचं नाही, मग ते ट्रककडं रागानं बघायचे. लेकीचं सांगून झालं. तिकडून नुसता भांड्यांचा आणि नातीच्या बडबडीचा आवाज येत राहिला. मी फोन बंद करायला हात नेला, तेव्हा व्याह्यांनी माझं मनगट धरलं आणि मान हलवून खुणेनंच सांगितलं, ठेवू नका.