ठरावातले दोन शब्द माझे

गावात राहिलेल्यांस आणि माझ्यासारख्या गाव सोडून गेलेल्यांस,

मी गाव सोडले त्या दिवशी माझी ट्रंक एस.टी.च्या टपावर महालिंगाने चढवली. महालिंग माझा धाकटा भाऊ. तो शिडीवरून खाली उतरला, धोतराला हात पुसले आणि खिडकीशी येऊन म्हणाला, "आण्णा, कागद लई चांगला लिवलास. एक शब्द हलवाया येईना." त्याचे कौतुक खरे होते की नाही, हे मला त्या वेळी कळले नाही. गाडी सुटली. लातूर नुकताच स्वतंत्र जिल्हा झाला होता, नव्या कचेऱ्यांना मसुदे लिहिणारी माणसे हवी होती, आणि नेमणुकीचे पत्र माझ्या खिशात होते. त्याने कौतुक केले तो कागद मात्र दुसरा होता. तीन दिवसांपूर्वी, त्या कागदाच्या आधारे गावाने त्याच्या गळ्यातली वीणा काढून घेतली होती.

त्याच्या स्मृतीसाठी आपण काढलेली स्मरणिका मला पुण्यात टपालाने मिळाली. पान तीनवर छापले आहे : "सप्ताहातील वीणेने त्यांना घडविले, गाव सदैव त्यांच्या पाठीशी उभे राहिले." या वाक्याचा पूर्वार्ध खरा आहे. उत्तरार्ध धादांत खोटा आहे. तो छापणाऱ्यांस तो खोटा असल्याचे ठाऊक होते, कारण त्यांपैकी दोघांच्या सह्या त्या ठरावाखाली आहेत. या खोटेपणाविरुद्ध मी लेखी हरकत नोंदवतो. हरकत घेणाऱ्याचे हातही स्वच्छ नाहीत, म्हणून घडले ते सर्व सांगणे भाग आहे.

त्या वर्षी पाऊस नव्हता. शिरूर अनंतपाळहून टँकर येई आणि महादेवाच्या देवळामागे बायका घागरी घेऊन रांगेत उभ्या राहत. पावसासाठी श्रावणात शिवनाम सप्ताह बसवला होता. आपला नियम तुम्हांस सांगायला नको, पण परगावी वाढलेल्या आपल्या मुलांसाठी सांगतो. सात दिवस वीणा जमिनीवर ठेवायची नाही. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. प्रत्येकाचा दोन तासांचा पहारा, आणि तार अखंड छेडत राहायची. पाचव्या दिवशी दुपारचा पहारा महालिंगाचा होता. मध्येच त्याने तार छेडणे थांबवले. वीणा गळ्यात, मान किंचित कललेली, डोळे उघडे. बराच वेळ देवळात तारेचा आवाज नव्हता. पहारा बदलायला आलेल्या म्हाताऱ्याने ओरड केली, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "भाईर घागरी वाजून राहिल्या हुत्या, काका. वीणा मधी मधी येत हुती."

पुढे त्याचे संगीत दूरवर पोचले, आणि आज या उत्तरावर परदेशातली मंडळी निबंध लिहितात. त्या दिवशी देवळात त्यावर कुणी हसलेसुद्धा नाही. संध्याकाळी आलेले ढग पांगले आणि दोष कुणाच्या माथी मारायचा ते ठरून गेले. आमची आई, अव्वा, तेवढी म्हणत होती, "त्याला हटकू नगासा. लहानपणापसनं तसाच हाय. त्यो ऐकून राहिलाय." वडील, आप्पा, उठून दुकानात जाऊन बसले. गावात आमचे कापडाचे दुकान होते, आणि दुकानदाराला गावाशी भांडण परवडत नाही.

पंचांच्या बैठकीत ठराव लिहिण्याचे काम मीच मागून घेतले. परक्याने लिहिला तर भावाला जड जाईल, असे मी घरी सांगितले. ते कारण निम्मेच खरे होते. नव्या नोकरीपूर्वी माझा मसुदा चार माणसांनी वाखाणावा, ही इच्छा उरलेले निम्मे कारण होती. पंचांचे म्हणणे इतकेच होते, की महालिंगाने वीणा हाती घेऊ नये. किती काळ, ते कुणीच बोलले नव्हते. हा सप्ताह संपेपर्यंत, असेच सर्वांच्या मनात होते. मुदत नसलेला ठराव मला सदोष वाटला. वाक्यही अपुरे वाटत होते. मी 'यापुढे कायम' हे दोन शब्द घातले. वाचून दाखवले तेव्हा पंचांतले काशिनाथअप्पा म्हणाले, "आता कसा कागद झाला." माना हलल्या, सह्या झाल्या. ते दोन शब्द कुणीही मागितले नव्हते.

महालिंग पुढच्या सप्ताहाला देवळात गेला आणि त्याला कागद दाखवण्यात आला. तो मुदखेडला निघून गेला. तिथे रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बसे, मोडक्या बाजाच्या पेट्या जुळवी, आणि उरलेल्या वेळात ते संगीत करी ज्याला काय म्हणावे हे अजून ठरलेले नाही. चार माणसे, दोन हापसे आणि निम्म्या पट्ट्या काढलेली पेटी, अशी त्याची एक रचना आहे. तिचा एकच नियम : दुसऱ्याचे ऐकू येईनासे झाले की आपण थांबायचे. पुढे काय वाजणार, हे वाजवणाऱ्यांनाही ठाऊक नसे. मला ते संगीत कळले असा दावा मी करत नाही.

तोवर मी लातूर सोडून पुण्यात वकिली करत होतो. तिथे त्याचा एक कार्यक्रम झाला आणि मी मागच्या रांगेत बसलो. त्याने गळ्यात वीणा घातली आणि कितीतरी वेळ तारेला बोट लावले नाही. बाहेर रिक्षा, कुणाचा तरी खोकला, खुर्च्यांची करकर. नंतर एका मुलीने त्याला या शांततेचा अर्थ विचारला. तो म्हणाला, "आमच्याकडं वीणा खाली ठेवत न्हाईत. मी बी ठेवली न्हाई." लोक हसले, तोही हसला. मी त्याला न भेटता जिना उतरलो.

त्यानंतर मी त्याला पत्रे पाठवली. ध्वनिमुद्रणावरील हक्क, वृद्ध कलावंतांचे मानधन, घराच्या वाटणीतील त्याचा हिस्सा. प्रत्येक पत्र मुद्देसूद, क्रमांक घातलेले. ठरावाचा मुद्दा एकाही पत्रात नाही. त्याचे कार्ड येई : "आण्णा, कागद पोचला. जेवत जा." गेल्या वर्षी कार्ड येणे थांबले.

स्मरणिका वाचून मी मागच्या आठवड्यात गावी आलो. सप्ताह समितीपुढे ठराव रद्द करण्याची मागणी ठेवली. काशिनाथअप्पा आता फार थकले आहेत, पण जीभ तशीच आहे. म्हणाले, "वकीलसाब, मेलेल्या माणसाला पहारा देणार हाव का?" मग वही पुढे सरकवून म्हणाले, "लिवा. तुमीच लिवा. आमाला कुठं येतंय तुमच्यावाणी?" मी उभ्या उभ्या तीन ओळी लिहिल्या. कुणी विरोध केला नाही. कुणी कारणही विचारले नाही. सह्या होऊन वही मिटेपर्यंत चहासुद्धा आला नव्हता.

एवढेच काम होते. ते कोणत्याही वर्षी झाले असते. पुण्याहून एक गाडी, तीन ओळी आणि थकलेल्या चार माणसांच्या सह्या. महालिंग मुदखेडला असताना झाले असते, तर पुढच्या श्रावणात तो देवळात उभा राहिला असता, आणि त्याने तार छेडली असती किंवा नसती.

माझी मागणी आहे की स्मरणिकेतील ते वाक्य मागे घ्यावे आणि त्या जागी दोन्ही ठराव, माझ्या नावासह, जसेच्या तसे छापावेत. नुसते 'गावाने' असे छापून मला सोडवू नये.

आपण बाहेर गेलेली माणसे सांगत असतो, की घर म्हणजे जिथे कधीही परत जाता येते ते. मीही सांगत आलो. ते खरे आहे, हे मला मागच्या आठवड्यात कळले. मला कधीही येता आले असते. माझ्याविरुद्धचा पुरावा तोच आहे.