परवान्यांच्या कपाटाची किल्ली

आग रोज लागत नाही, कागद मात्र रोज येतो. त्यामुळे फायर स्टेशनमध्ये नोकरी केलेल्या माणसाकडे आगीचे किस्से चार आणि कागदांचे चाळीस असतात. मी एकवीस वर्षं आमच्या स्टेशनात फोनवर बसलो. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांच्या मधलं आमचं गाव. नाव सांगत नाही, कारण या गोष्टीतली काही माणसं अजून पेन्शन खातायत आणि मला बाजारात त्यांच्यासमोरून जावं लागतं.

एक बंब, चार माणसं, एक फोन. बंबाचा मुख्य लतीफभाई. आणि दोनशे फुटांवर कचेरी, तिथे हेडक्लार्क भाऊसाहेब. फटाके, रॉकेल, गॅस, वेल्डिंगचं कार्बाइड, विहिरीच्या सुरुंगाची दारू, जे जे पेटतं आणि फुटतं ते कुणी कुठे ठेवलंय याचे सगळे परवाने भाऊसाहेबांच्या लोखंडी कपाटात. कपाटाची किल्ली भाऊसाहेबांच्या करदोट्याला. अंघोळीलाही काढत नसत म्हणे, आणि कपाटही फारसं उघडत नसत.

लतीफभाईचं मागणं एवढंच होतं, की कुठल्या गोडाऊनात काय आहे ते आम्हाला आधी कळू द्या. माझी पोरं आत शिरतात, तुमची नाही.

"अर्ज करा, तीन प्रतींत," भाऊसाहेब म्हणाले.

केला. महिन्याने उत्तर आलं: माहिती गोपनीय आहे. लतीफभाई स्वतः विचारायला गेला. भाऊसाहेब त्याला समजावून सांगू लागले, "अरे, फटाक्यांचा साठा कुठे आहे ही यादी उद्या चोराच्या हाती लागली तर?"

लतीफभाई म्हणाला, "भाऊसाहेब, चोराला बोर्ड दिसतो की. दुकानावर हातभर अक्षरात लिवलंय, फटाके मिळतील."

भाऊसाहेबांनी त्या बोलण्याचीही नोंद घेतली. उद्धट वर्तन म्हणून.

पुढचा किस्सा हसण्याचा नाही, पण त्याच्यावाचून बाकीचे कळायचे नाहीत.

अवसरीच्या बाजूला एका फॅब्रिकेशनवाल्याच्या शेडला आग लागली. फोन मीच घेतला. आत काय आहे विचारलं, तर पलीकडचा माणूस "शेड पेटलीय, शेड पेटलीय" एवढंच म्हणत होता. बंब गेला. आमच्या बबनने पुढे होऊन पाण्याचा फवारा सोडला. कोपऱ्यात कार्बाइडचे डबे होते. कार्बाइडवर पाणी पडलं की गॅस होतो आणि तो गॅस भडकतो, हे ज्याला माहीत आहे तो पाणी मारत नाही. डबे तिथे आहेत हेच बबनला माहीत नव्हतं. तोंड आणि दोन्ही हात भाजले. तीन महिने घरी होता, आणि उजव्या हाताची मूठ पुन्हा कधी नीट वळली नाही.

दुसऱ्या दिवशी चौकशीला भाऊसाहेब स्वतः परवाना घेऊन आले. कागद कसा स्वच्छ, एक सुरकुती नाही. अट क्रमांक सहावर त्यांनी बोट ठेवलं: आगीच्या वेळी पाण्याचा वापर करू नये.

"बघा," ते म्हणाले, "आमचं रेकॉर्ड कसं परफेक्ट आहे."

मी आयुष्यात कुणावर हात उचललेला नाही. त्या दिवशी उचलायला हवा होता असं मला आजही वाटतं.

यानंतर मीटिंग झाली. मीटिंग झाल्याशिवाय आपल्याकडे माणूस भाजलेला धरत नाहीत. आमचं स्टेशन, पोलीस ठाणं आणि शेजारच्या साखर कारखान्याचा बंब, या तिघांना परवान्यांची माहिती द्यायची असं ठरलं. चहा-बिस्किटं झाली. पंधरा दिवसांनी खरोखर पाकीट आलं. वर लाखेची पाच सीलं आणि भाऊसाहेबांच्या मोत्यासारख्या अक्षरात सूचना: 'आग लागल्यावरच, सक्षम अधिकाऱ्याच्या समक्ष उघडावे.'

शिनोलीकडे एका दुकानाला आग लागली, तेव्हा लतीफभाईने धावत्या बंबात ते पाकीट फाडलं. आत यादी होती. अनुक्रमांक एक ते सत्तर, पुढे परवाना क्रमांक, पुढे तारीख. नाव नाही, गाव नाही, माल कुठला तेही नाही. तळाशी टीप: 'तपशील मूळ रजिस्टरमध्ये पाहावा.'

दुकान बांगड्यांचं निघालं, म्हणून निभावलं. आठवड्याने लतीफभाईला मेमो आला की सक्षम अधिकारी हजर नसताना सील का तोडलं, याचा खुलासा करा. त्याने एका ओळीत खुलासा केला: 'अधिकारी येईपर्यंत आग थांबायला तयार नव्हती.'

मग कॉम्प्युटर आला. कारखान्याचा एक इंजिनियर भला माणूस होता. त्याने कचेरीत दोन दिवस बसून सगळे परवाने टाइप करून घेतले आणि म्हणाला, आता फक्त फ्लॉपी पाठवा, काम झालं. आम्ही खूश. फ्लॉपी आली. भाऊसाहेबांची तीस वर्षांची सवय, गोपनीय वस्तू सीलशिवाय कचेरीबाहेर जात नाही. त्यांनी मेणबत्तीवर लाख वितळवून थेट फ्लॉपीच्या सरकत्या पत्र्याच्या झाकणावर ओतली होती आणि वर कचेरीचा शिक्का दाबला होता. शिक्का सुंदर उमटला होता.

इंजिनियरने फ्लॉपी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, "एवढी सुरक्षित फ्लॉपी मी आजवर पाहिली नाही."

भाऊसाहेबांना ती शाबासकी वाटली. पुढच्या फ्लॉपीवर त्यांनी दोन सीलं मारली.

त्या दिवशी स्टेशनच्या पायरीवर बसून लतीफभाई म्हणाला, "खोडदच्या त्या अँटेना बघितल्या का रं? त्यांना लई लांबचं आभाळातलं ऐकू येतं म्हणं. आन आमाला दोनशे फुटावरच्या कपाटातलं कळंना."

मग त्याने अर्ज करणं बंद केलं. शाळेची दोनशे पानी वही आणली. सुट्टीच्या दिवशी सायकल काढायची, आज या गावचा बाजार, उद्या त्या गावचा. दुकानदाराकडे चहा प्यायचा आणि सरळ विचारायचं, "पावणं, गोडाऊनात काय ठिवलंय? आग लागली तर तुमचंच वाचवायचंय." लोक हाताला धरून दाखवत. एकानेही गोपनीय आहे म्हटलं नाही. वहीत प्रत्येक गोडाऊनचा नकाशा. जिथे पाणी चालेल तिथे निळी पेन्सिल, जिथे पाणी मारायचं नाही तिथे लाल. बबन बरा होऊन आला होता. त्याने त्या वाकड्या मुठीत पेन्सिल धरून दुसरी प्रत कारखान्याच्या बंबासाठी उतरवली. दोन बंबांमधली देवाणघेवाण चहाच्या टपरीवर पूर्ण झाली.

दोन वर्षं आमचा एकही माणूस भाजला नाही.

मग जिल्ह्याहून तपासणीला साहेब आले. त्यांनी वही चाळली. "अप्रतिम काम," म्हणाले, "असं रेकॉर्ड मी कुठेच पाहिलं नाही." लतीफभाईची छाती फुगली. साहेबांनी पुढचं पान उलटलं आणि विचारलं, "पण ही वही अशी उघड्या टेबलावर?" संध्याकाळपर्यंत दोन्ही प्रती जप्त होऊन भाऊसाहेबांच्या कपाटात गेल्या. वरून शिक्का: गोपनीय.

लतीफभाईने आपली वही परत मागितली. अर्ज, तीन प्रतींत. उत्तर आलं: 'सदर अभिलेख पाहण्यास आपण प्राधिकृत नाही.'

तो कागद वाचताना त्याचा चेहरा मी पाहिला आहे. बबन भाजला तेव्हाही तो असा दिसला नव्हता. "नवी करायला माझं गुडघं न्हाई राहिलं," एवढंच म्हणाला. निवृत्तीला त्याचं एक वर्ष उरलं होतं. त्याला पाठ होतं, पण नव्या पोरांना काय पाठ असणार?

आणि मग ती बाजाराच्या दिवसाची दुपार. आमच्याच गावात, स्टेशनमागच्या आळीत एका गोडाऊनमधून धूर निघाला. गोडाऊनला लागून भिंत भाऊसाहेबांच्या घराची. मीही फोन सोडून पळत गेलो.

लतीफभाईने गोडाऊनचं दार पाहिलं आणि बबनच्या हातातला पाइप खाली करायला लावला. "पाणी न्हाई. वाळू आणा. आन समदी आळी मोकळी करा, मारुतीच्या देवळापल्याड न्या." भाऊसाहेबांच्या म्हाताऱ्या आईला त्याने स्वतः पाठीवर घेऊन देवळापाशी नेऊन बसवलं आणि परत आला.

तेवढ्यात भाऊसाहेब कचेरीतून धापा टाकत आले. घराकडे बघतात, गोडाऊनकडे बघतात, रिकाम्या आळीकडे बघतात.

"लतीफ, पाणी का मारत नाही? आत आहे तरी काय?"

लतीफभाई वाळूची पाटी पुढे देत होता. त्याने मान वळवली नाही.

"मला इचारता व्हय, भाऊसाहेब? किल्ली तुमच्या कमरेला हाय."

भाऊसाहेबांचा हात कमरेला गेला. आणि ते कचेरीकडे पळत सुटले. ते वय, ते पोट, ते धोतर. उभ्या गावाने त्यांना कधी पळताना पाहिलं नव्हतं.

अर्ध्या तासाने परत आले तेव्हा आग विझली होती. घराच्या भिंतीला नुसता धूर लागला होता. भाऊसाहेबांच्या हातात लतीफभाईची वही होती. मधे बोट घातलेलं, आमच्याच आळीच्या पानावर. पान लाल होतं.

त्यांनी वही लतीफभाईच्या काळ्या झालेल्या हातात दिली. बबनने तोंड फिरवलं.

मग भाऊसाहेबांनी खिशातून घडी केलेले कागद काढले आणि पेनाचं टोपण उघडून पुढे धरलं.

"मिळाल्याची सही कर. तिन्ही प्रतींवर."