गाडी आउटरला

आमच्या थोरल्या जाऊबाईंइतका वेळापत्रकाला कडक माणूस अख्ख्या दौंड जंक्शनात सापडायचा नाही. भावजी रेल्वेत पॉइंट्समन, पण त्यांच्या हातात नुसत्या गाड्या. जाऊबाईंच्या हातात स्वतःची पाळी होती. दोन मुलांनंतर त्या गर्भनिरोधक गोळ्या घेत. पाकिटातल्या एकवीस पांढऱ्या संपल्या की सात काळ्या, लोहाच्या, आणि त्या दिवसांत पाळी, असा क्रम. घरात कार्य निघालं की त्या काळ्या वगळून थेट नव्या पाकिटातल्या पांढऱ्या सुरू करायच्या. युक्ती दवाखान्यातल्या नर्सबाईंची, नाव मात्र रेल्वे कॉलनीचं, स्टेशनाबाहेरच्या सिग्नलला गाडी रोखून धरतात त्यावरून: "गाडी आउटरला उभी केली." उरलेल्या काळ्या गोळ्या पाण्यात विरघळवून त्या कढीपत्त्याला घालत आणि येईल त्याला पाला दाखवत, "बघ, कसं रगात भरलंय!" एकदा सत्यनारायण आठवडाभर पुढं गेला, तशा त्या गुरुजींवर उखडल्या, "आवो, किती दिस गाडी आउटरला ठिवायची?" गुरुजींना पुण्याची डेमू गाडी वाटली. ते शांतपणे म्हणाले, "सिग्नल मिळाला की सुटेल हो बाई." पदराआड हसता हसता मला ठसका लागला.

हसायला मी पुढं असायचे. पाळीत बाजूला बसायची आमच्या घरची रीत, आणि पुरणाचा अंदाज जाऊबाईंशिवाय कुणाला नाही, म्हणून तारीख ठरली की शिरूरहून माझाच फोन जायचा, "जमवाल ना?" त्या जमवायच्या. त्याची मला कधी लाज वाटली नाही.

मग शिरूरला आमचं घर झालं. ओट्याची उंची जाऊबाईंनी फोनवरून ठरवलेली. त्यांचं एकच मागणं होतं, "वास्तुशांतीला पैलं दूध मी उतू घालवणार." पण त्याच सुमाराला रक्तदाब वाढला म्हणून डॉक्टरांनी त्यांच्या गोळ्या बंद केल्या. वास्तुशांतीच्या दिवशी त्या फाटकातून आल्या आणि पोर्चमध्येच थांबल्या. "मी न्हाई आत येत. गाडी टायमावर आली."

घर माझं होतं. सासूबाई जाऊन वर्षं झाली होती. 'आत या' एवढंच म्हणायचं होतं. मी पाहुण्यांकडे बघितलं आणि त्यांना बाहेर खुर्ची दिली. दूध मीच तापवलं. बाहेरून त्यांनी विचारलं, "गेलं का गं उतू?" मी "हो" म्हणाले. त्यांचं ताटही मी बाहेरच नेलं. पहिला घास घेऊन त्या म्हणाल्या, "आमटीत मीठ कमी हाय." खरंच कमी होतं.

आता त्यांची पाळीच थांबली. "लाईनच बंद झाली, आता कवाबी येते," म्हणतात आणि येतातही, पण बसतात पोर्चमध्ये. मी आता दहादा म्हणते, आत या. "हितंच बरं गं, वारं लागतं."

परवा त्या अशाच पोर्चमध्ये बसल्या होत्या आणि आत चहाचं दूध तापत होतं. गॅस बारीक करायला मी मुद्दाम हात लावला नाही. वाटलं, वासानं तरी उठून ओट्यापाशी येतील. दूध उतू गेलं.

"गेलं का गं उतू?" जाऊबाईंनी बाहेरूनच विचारलं.

ओटा मी एकटीनंच पुसला.