कपाटातले पासपोर्ट

मस्कतजवळ रुसैलच्या कारखान्यात कामगारांचे पासपोर्ट माझ्या ताब्यात असत. स्टीलचं कपाट, देशाप्रमाणे कप्पे, प्रत्येकाला पारदर्शक पाकीट. नवा माणूस आला की गणवेशाचं माप, खोलीतला पलंग आणि ‘पासपोर्ट स्वखुशीने जमा केला’ या कागदावर सही, सगळं दहा मिनिटांत उरकायचं. तो कागद मीच तयार केला होता. एकही पासपोर्ट हरवला नाही, हे मी अभिमानाने सांगायचे.

त्या आठवड्यात मुलीचा शाळेचा प्रकल्प होता: गुलामगिरी कशी संपली. जुन्या मस्कतमध्ये पळून आलेला गुलाम इंग्रजांच्या वकिलातीत शिरून झेंड्याच्या खांबाला मिठी मारायचा. मग चौकशी होऊन त्याला सुटकेचा दाखला मिळायचा, असं आम्ही वाचलं.

“म्हणजे ब्रिटिश गुड होते?” मुलीने विचारलं.

“दारात आला त्याला सोडवायचे. घराघरांत राबत होते त्यांच्याकडे बघायचे नाहीत.”

“आणि तो पेपर कोण कीप करायचं?”

“तो स्वतः. जिवापाड जपत असेल,” म्हणून मी पुढच्या मुद्द्याकडे वळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोर्कलिफ्ट चालवणारे रत्नागिरीचे चाचा टेबलापुढे आले. गावी आई अत्यवस्थ होती. फोरमनने रजा दिली होती, संध्याकाळचं तिकीट होतं. फक्त पासपोर्ट हवा होता. तो अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या सहीशिवाय द्यायचा नाही, असा नियम. आणि अर्बाब विमानात, फोन बंद; विमान तीनला उतरणार होतं.

“चाचा, तीनपर्यंत थांबा. इन्शाल्ला फोन लागेल.”

“मग आईला पण तुम्हीच सांगा मॅडम, तीनपर्यंत थांब म्हणून.”

मी पुन्हापुन्हा फोन लावला. नोकरी गेली तर व्हिसा, मग घर, मग मुलीची शाळा. यादी डोक्यात आपोआप तयार होत होती. चाचांचा सहीचा कागद काढून पाहिला. स्वखुशीने. ‘नाही’ म्हणायला मी रकानाच ठेवला नव्हता.

कपाट उघडून पासपोर्ट त्यांच्या हातात दिला.

“सही कुठं करू?”

“नको. तुमचाच आहे.”

“हे आधी सांगायचं ना!” ते हसले आणि जवळजवळ धावतच गेले.

साडेतीनला अर्बाबचा फोन आला. मी झालं ते सांगितलं.

“बाकीचे कपाटातच आहेत ना?” त्याने विचारलं.

दारात तोवर आणखी चौघे कामगार येऊन उभे राहिले होते.